खाली मान म्हणजे खोटं नव्हे

आमच्या सासूबाई म्हणायच्या, "माणूस खोटं बोलायला लागलं की त्याचे डोळेच सांगतात. मला कुणी फसवू शकत नाही." घरातला दूधवाला, भांडीवाली, नातवंडं, झालंच तर सुना, सगळ्यांना त्यांनी याच कसोटीवर घासून पाहिलं. त्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढल्यावर मीसुद्धा त्यातच तरबेज झाले. निदान मला तसं वाटत होतं.

माझी मुलगी नववीत असतानाची गोष्ट. कपाटातली पाचशेची नोट सापडेना. मी तिला समोर उभं केलं. "माझ्याकडे बघून सांग," म्हटलं. तिचे कान लालबुंद झाले, नजर खाली गेली, शब्द अडकायला लागले. झालं, माझा निकाल लागला! तिला बरंच बोलले. दोन दिवसांनी तीच नोट ह्यांच्या शर्टाच्या खिशात, धुण्याच्या बादलीत, लगदा होऊन सापडली. तिचे कान खोटेपणानं लाल झाले नव्हते, अपमानानं झाले होते. तिची माफी मागितली. तिनं "असू दे गं आई" म्हणून सोडूनही दिलं. गोष्ट घरातली होती, घरात मिटली.

पण मैत्रिणींनो, हीच चूक मी घराबाहेरही केली, आणि ती अशी मिटली नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

गेली काही वर्षं मी सोलापुरात एका कुटुंब सल्ला केंद्रात आठवड्यातून तीन दिवस बसते. पगारी नोकरी नव्हे, आपलं समाजकार्य. नवरा-बायकोची भांडणं, सासरचा छळ, दारू, संशय, असलं सगळं आमच्याकडे येतं. सोलापूर म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड. पुरुष यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढतात, बायका घरी बसून विड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की मग कुठं मजुरी हातात पडते, त्यातही कारखान्यात छाट निघते ती वेगळीच.

अशीच एक विडी वळणारी मुलगी, वय बावीस-तेवीस, आमच्याकडे आली. नाव-गाव सांगत नाही. तक्रार अशी, की नवरा मारतो आणि मजुरी काढून घेतो. मनगट सुजलेलं होतं. मी विचारलं, "हे कसं झालं?" ती म्हणाली, मोरीत पडले. मग थोड्या वेळानं म्हणाली, त्यांनी ढकललं. कधी, विचारलं, तर आधी सोमवार म्हणाली, मग बुधवार. बोलताना सगळं लक्ष फरशीकडं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आणि मधेच, मारहाणीचं सांगता सांगता, चक्क हसली.

मग नवऱ्याला आत बोलावलं. तो हात जोडून बसला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, सरळ, सलग बोलला. "ताई, मी लेकरासाठी मर मर मरतो. हिला माहेराहून भरवूलालेत ओ." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. माझ्या शेजारी बसलेल्या ताई मला हळूच म्हणाल्या, "पोरगी काही सरळ वाटत नाही." माझंही मत तेच झालं होतं. आम्ही समजुतीचा कागद केला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि तिला त्याच्याबरोबर घरी पाठवलं. जाताना मी तिला उपदेशही केला, संसार म्हटलं की थोडं सोसावं लागतं म्हणून.

दोन महिन्यांनी तिची आई आली. मुलगी दवाखान्यात होती. हात दोन ठिकाणी मोडला होता. आई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडं बघून ऐकूलाला होता. माझ्या पोरीकडं बघून नुसतं तपासूलाला होता."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढं सगळं हळूहळू कळलं. आमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर तिची सासू बसलेली होती. तिचं दीड वर्षाचं मूल सासरच्यांनी घरी ठेवून घेतलं होतं, "वेडंवाकडं बोललीस तर परत दिसायचं नाही" म्हणून. तिची मातृभाषा तेलुगू. मी विचारलेला प्रत्येक मराठी प्रश्न ती मनात उलटा करायची आणि उत्तर पुन्हा मराठीत आणायची. त्या अडखळण्याला मी बनवाबनवी समजले. सोमवार आणि बुधवार दोन्ही खरे होते, मारहाण दोनदा झाली होती. आणि हसू? "मला भीती वाटली की हसूच येतंय ओ ताई, लहानपणापासून," ती मला नंतर म्हणाली.

सगळ्यात बोचलं ते निराळंच. विडी कारखान्याचं तिचं कार्ड तिच्या पिशवीतच होतं. रोज किती विड्या दिल्या याची नोंद त्यावर असते. मनगट दुखावल्यानंतरचे दिवस कोरे होते, दोन्ही वेळचे. पाच मिनिटांत कळलं असतं. पण मी कार्ड मागितलंच नाही. मी चेहरा वाचत बसले होते!

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला घेतलं. बीए झाले तेव्हा मानसशास्त्राचा एक पेपर होता, तेवढीच माझी पुंजी. पण जे वाचलं त्यानं डोळे उघडले, म्हणून तुम्हालाही सांगते.

चार्ल्स बाँड आणि बेला डिपावलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक मोठं काम केलं. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं बघून आणि ऐकून लोकांना किती ओळखता येतं, यावर तोवर जे जे प्रयोग झाले होते ते त्यांनी एकत्र केले. अशी २०६ संशोधनं, आणि त्यांत पारख करणारी माणसं २४ हजारांहून जास्त. निष्कर्ष काय निघाला? शंभरातले ५४ अंदाज बरोबर. म्हणजे नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नास बरोबर आले असते. आपल्या अनुभवाची, पावसाळे पाहिल्याची, 'मला कुणी फसवू शकत नाही'ची किंमत चार गुण!

तुम्ही म्हणाल, सामान्य माणसाचं सोडा, पोलिसांना तर कळत असेल. पॉल एकमन हे चेहऱ्यावरच्या हावभावांचा अभ्यास करणारे नावाजलेले संशोधक. त्यांनी आणि मॉरीन ओ'सलिव्हन यांनी १९९१ मध्ये पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ अशा लोकांची चाचणी घेतली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचे लोक तेवढे बरे निघाले. बाकीचे सगळे नाण्याच्याच पातळीवर. आणि आणखी एक गोष्ट या सगळ्या संशोधनांत पुन्हा पुन्हा दिसते. आपला अंदाज बरोबर आहे याची खात्री माणसाला किती वाटते, आणि तो खरंच बरोबर असतो का, यांचा जवळजवळ काही संबंध नसतो. छातीठोकपणे सांगणाराही तितकाच चुकतो.

डोळ्यांचं काय, हा माझा पुढचा प्रश्न होता. याच बाँड यांनी पंच्याहत्तर देशांतल्या लोकांना विचारलं, खोटारडा माणूस कसा ओळखता? सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर एकच, तो नजर चुकवतो. म्हणजे आमच्या सासूबाई एकट्या नव्हत्या, सारं जग त्यांच्या बाजूनं होतं. पण प्रत्यक्ष खोटं बोलणाऱ्यांच्या नजरा मोजल्या, तेव्हा खरं बोलणाऱ्यांच्या नजरांहून काही वेगळ्या निघाल्या नाहीत. उलट पक्का खोटारडा मुद्दाम डोळ्यांत डोळे घालून बोलतो, कारण 'नजर चुकवली की पकडला जातो' हे त्यालाही माहीत असतं.

खोटं बोलणाऱ्याला भीती वाटते, घाम फुटतो, घसा कोरडा पडतो, हे खरं. पण खरं बोलणाऱ्याला 'आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही' ही भीती वाटली, तरी घाम तोच, कोरड तीच. शरीर भीती दाखवतं, भीतीचं कारण दाखवत नाही. एकमन यांनी या चुकीला ऑथेल्लोची चूक असं नाव दिलं. शेक्सपिअरच्या या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत 'झुंझारराव' केलं, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नवरा बायकोवर संशय घेतो, ती घाबरते, रडते, आणि त्या रडण्यालाच तो तिच्या गुन्ह्याचा पुरावा समजतो. मैत्रिणींनो, असे झुंझारराव आमच्या केंद्रात आजही येतात. आता त्यांच्या हातात मोबाइल असतो, एवढाच फरक. "व्हिडिओ कॉल लावला की हिचा चेहरा पडतो ओ, म्हणजे काहीतरी आहेच." अरे बाबा, दिवसातून दहा वेळा तपासणी झाली तर कुणाचाही चेहरा पडेल!

हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे असं नसतं, असं कुणी म्हणेल म्हणून आपल्याच शेजारची एक गोष्ट सांगते. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं उमरग्याच्या पुढं गेलं, की कर्नाटकात बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण लागतं. हे जुनं कल्याण, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याची राजधानी. त्याच्या काळात तिथं विज्ञानेश्वर नावाचे पंडित होऊन गेले. याज्ञवल्क्य स्मृतीवरची त्यांची 'मिताक्षरा' ही टीका म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांच्या कायद्याचा पाया. याज्ञवल्क्य स्मृतीत खोट्या माणसाची लक्षणं दिली आहेत. तो एका जागी थांबत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो, बोलणं अडखळतं, मागचं-पुढचं जुळत नाही, नजरेला नजर देत नाही. अगदी आमच्या सासूबाईंचीच यादी!

पण विज्ञानेश्वर त्यावर टीका करताना काय म्हणतात पाहा. या लक्षणांवरून दोषाची फक्त शक्यता समजावी, निर्णय करू नये. कारण स्वभावामुळे होणारा बदल कोणता आणि काही कारणानं झालेला कोणता, हे वेगळं करणं अवघड आहे. नऊशे वर्षांपूर्वी, आमच्या सोलापूरपासून मोटारीनं काही तासांच्या अंतरावर, एका पंडिताला जे कळलं होतं ते मला एकविसाव्या शतकात खुर्चीवर बसून कळलं नाही.

अंगावरून खरं-खोटं ठरवण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. चोरी झाली की संशयितांना तांदूळ चावायला देण्याचं दिव्य आपल्या जुन्या ग्रंथांत आहे. थुंकीत रक्त दिसलं की तो चोर. भीतीनं तोंड कोरडं पडलेल्या गरीब निरपराधाचं काय होत असेल, विचार करा. आणि हे सगळं जुन्या काळातच राहिलं असंही नाही. २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात परंड्याकडे एका नवऱ्यानं बायकोला खरेपणा सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणं काढायला लावलं. त्याचं मोबाइलवर चित्रण झालं आणि ते सगळीकडे फिरलं, म्हणून बाहेर तरी आलं. सीतामाईच्या अग्निपरीक्षेपासून आजवर, परीक्षा द्यायला उभी कोण असते, हे पाहिलंत ना?

कोर्टकचेरीतही हेच. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज इथं मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. का? अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एक कोवळी मुलगी भीतीनं थिजून गेली असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच लिहिलं, की स्त्रीनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही.

कायद्यात एवढं झालं, तरी मनातली यादी काही गेली नाही. २०२१ च्या मे महिन्यात म्हापशाच्या न्यायालयानं 'तहलका'चे माजी संपादक तरुण तेजपाल यांची निर्दोष मुक्तता केली. निकालाला इतरही कारणं दिलेली होती आणि मला त्या खटल्याच्या खऱ्या-खोट्यात शिरायचं नाही. पण त्या निकालपत्रात, घटनेनंतरच्या फोटोंत तक्रारदार तरुणी दुःखी-कष्टी दिसत नाही, अशीही चर्चा होती. ते वाचताना मला आमच्या केंद्रातली ती मुलगी आठवली, मारहाणीचं सांगताना हसलेली. पुढं २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. अत्याचार झालेली स्त्री अमुकच प्रकारे वागेल ही समजूत चुकीची आहे, प्रत्येक माणूस आघाताला वेगळा सामोरा जातो, असं तिच्यात सांगितलं होतं. साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्याची नोंद न्यायाधीशानं करावी, ही तरतूद आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. नोंद करायला हरकत नाही. पण नोंद म्हणजे निकाल नव्हे.

काहींना वाटतं, माणसाला नाही कळत तर यंत्राला विचारा. लाय डिटेक्टर, नार्को हे शब्द आता आपल्या ओट्यावरच्या गप्पांतही असतात. पण लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफ, काय मोजतो? श्वास, रक्तदाब, घाम. म्हणजे पुन्हा तीच भीती, फक्त वायरी लावून. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या चाचणीचा अहवाल पुराव्यांमध्ये धरून एका तरुणीला जन्मठेप झाली. त्याची चर्चा जगभर झाली, नंतर उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कुणाच्याही मर्जीविरुद्ध करता येणार नाही. न्यायालयाला एवढा सावधपणा यंत्राबाबत वाटतो. मग आपण आपल्या नुसत्या नजरेवर एवढा विश्वास का ठेवावा?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. आपण मुलींना कसं वाढवतो? "मोठ्यांसमोर नजर खाली ठेव." "पुरुषांशी डोळे वर करून बोलू नकोस." "चार लोकांत हळू बोल, हसून बोल." मुलगी पाहायला मंडळी आली, की पोह्यांच्या बशीकडे बघत उत्तरं देणारी मुलगी आपल्याला वळणाची वाटते. तीच मुलगी लग्नानंतर मार खाऊन पोलीस ठाण्यात गेली, की तीच खाली नजर, तोच हळू आवाज, तेच उगीचचं हसू खोटेपणाची लक्षणं होतात! आणि तिचा नवरा, ज्याला लहानपणापासून छाती काढून बोलायला शिकवलं, तो खरा वाटतो. तिच्या वळणाचाच तिच्याविरुद्ध पुरावा होतो. गरिबाचं, परभाषिकाचं, खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसाचंही हेच. साहेबासमोर ज्याला कधी ताठ उभं राहू दिलं नाही, त्याचं वाकलेपण आपण अपराध म्हणून वाचतो. घरातली बांगडी हरवली की कामवालीचा चेहरा आधी बघतो, तो याच सवयीनं.

तुम्ही म्हणाल, पण आईला तर लेकराचं खोटं कळतंच की. कळतं, मान्य. पण कसं कळतं, नीट आठवून पाहा. आमचा मुलगा क्लासला दांडी मारायचा, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असं मी अभिमानानं सांगायची. खरं म्हणजे पार्क चौकात त्याला शेजारच्या वहिनींनी पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं. चेहरा मी नंतर वाचला! यावरही संशोधन झालेलं आहे. टिमथी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, तुम्ही पकडलेलं एखादं खोटं आठवा, ते कसं कळलं ते सांगा. बहुतेकांना खोटं कळलं होतं ते दुसऱ्या कुणी सांगितल्यामुळे, एखादी वस्तू किंवा कागद सापडल्यामुळे, किंवा त्यानं स्वतः कबूल केल्यामुळे. तेही बऱ्याचदा नंतर, दिवसांनी. त्याच क्षणी नुसत्या हावभावांवरून पकडलेलं खोटं क्वचितच.

म्हणून आम्ही आमच्या केंद्रात आता काही गोष्टी बदलल्या आहेत. त्या कुणालाही करता येतात, पैसा लागत नाही.

बाईशी बोलताना दार बंद असतं आणि तिच्याबरोबरचं माणूस बाहेरच्या फाटकाशी बसतं, बाकावर नाही. मूल कुठं आहे, हे पहिलं विचारतो. तिच्या भाषेत बोलणारी कुणी बरोबर घेतो. आम्हाला आता एक तेलुगू बोलणाऱ्या आणि एक कन्नड बोलणाऱ्या ताई आहेत. ती गप्प बसली तर आम्हीही गप्प बसतो. घड्याळ बघत नाही. पहिल्या दिवशी निकाल नाही, समजुतीचा कागद तर नाहीच नाही. आणि कागद मागतो. विडीचं कार्ड, बँकेचं पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, मोबाइलमधले मेसेज. शेजारणीला विचारतो.

आणखी एक. पाठ केलेल्या प्रश्नांची उत्तरं सगळेच पाठ करून येतात. "मारलंस का?" याला "नाही ओ ताई" हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा न सुचलेलं विचारावं. एक जोडपं आलं. नवरा आणि त्याची आई दोघंही म्हणाले, त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवलो, भांडण झालंच नाही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, जेवायला काय होतं, कोण कुठं बसलं, आधी कोण उठलं. एकाच्या ताटात भाकरी-आमटी होती, दुसऱ्याच्या ताटात भात! चेहरे मात्र दोघांचेही अगदी शांत होते. अल्डर्ट व्रै या संशोधकानं हीच पद्धत अभ्यासली आहे. हावभावांकडे टक लावण्यापेक्षा बोलण्यातला तपशील ऐका, अनपेक्षित विचारा आणि पडताळून पाहा.

याचा अर्थ येणारी प्रत्येक बाई खरंच बोलते असं मी म्हणत नाही. बायकाही खोटं बोलतात, पुरुषांवरही अन्याय होतो, आमच्याकडे तीही प्रकरणं आली आहेत. आणि नवऱ्याच्या रडण्याला नाटक म्हणणं हीसुद्धा तीच चूक, फक्त उलट बाजूची. माझं म्हणणं एवढंच आहे, की खरं-खोटं ठरवायचं तर ते तपासून ठरवा. पोलीस ठाण्यातल्या मदत कक्षात बसणाऱ्या, दक्षता समितीवर असणाऱ्या, शाळेत मुलींच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाईंनी, आणि घरोघरच्या आया-सासवांनी स्वतःला एक सवय लावावी. "तिचा चेहराच सांगतोय" असं वाक्य ओठावर आलं, की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, चेहऱ्याशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे? उत्तर 'काही नाही' असेल तर अजून आपल्याला काहीच कळलेलं नाही, असं समजायचं.

ती मुलगी आता आईकडे, कुंभारीच्या वसाहतीत राहते. मूल तिच्याजवळ आहे. मोडलेल्या हातानं पूर्वीइतक्या विड्या होत नाहीत, म्हणून शिवणकामही शिकली. मी तिची माफी मागितली तेव्हा ती फरशीकडे बघत म्हणाली, "जाऊ द्या की ओ ताई." अजूनही येते अधूनमधून, कधी कागदपत्रांसाठी, कधी नुसतीच. आली की पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघतच बोलते. मी आता तिच्या नजरेची वाट बघत नाही. ती काय सांगते ते ऐकते.